निळा दोरा, पाच गाठी

४ फेब्रुवारी

सरके,

आधी ओळख करून देते, नाहीतर पाकीट फोडून म्हणशील, ही कोण बाई आशीर्वाद देतेय? मी तुझ्या बापाची आई. लहानपणी अंघोळ घालताना जिच्या हाताला तू चावायचीस, ती. विश्वास नसेल तर वण अजून आहे, पुरावा म्हणून दाखवीन. तुझं शेवटचं पत्र आलं त्याला सव्वा वर्ष झालं. त्यात होतं, 'पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहिते.' तुमच्याकडचे आठवडे भलतेच लांब दिसतात.

आता बातमी. मी तुरुंगात आहे. खाली बस, पाणी पी, मग पुढे वाच. चोरी नाही, मारामारी नाही. पिस्तूल. विनापरवाना हत्यार जवळ बाळगलं, असं कलम लावलंय. शहात्तराव्या वर्षी. दाभण ओवायला दुसऱ्याचे डोळे लागतात मला, आणि म्हणे हत्यार बाळगते.

झालं असं. आमच्या रस्त्यावर कुठे तरी चोरी झाली म्हणून पोलीस दुकानांची झडती घेत होते. माझ्याकडे काय, कापूस, खोळी आणि गिऱ्हाइकांच्या गाद्या. सगळं उचकलं, शिंका दिल्या आणि निघाले. त्यातला एक जाडा हवालदार दमला होता. म्हणाला, आजी, जरा टेकतो. कोपऱ्यात भरून ठेवलेली एक गादी होती, तिच्यावर बसला आणि विंचू चावल्यासारखा उठला. सुरीने गादी फाडली. कापसात पिस्तूल. त्या बिचाऱ्याने बूड टेकलं नसतं तर मी आज घरी असते.

ठाण्यात कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, इथे अंगठा. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच. मी तर एवढंच सांगितलं होतं की डोकं दुखतंय, घरी जाऊ द्या. दिला अंगठा. इथे आल्यावर कळलं, त्या कागदात मी म्हणतेय, 'सदर हत्यार माझे असून ते मी स्वखुशीने बाळगले आहे.' स्वखुशीने! हा शब्द माझ्या तोंडून लग्नात सुद्धा निघाला नव्हता.

गादी कुणाची, असं खोदून खोदून विचारतात. गिऱ्हाइकाची, एवढंच सांगितलंय.

हे पत्र लिहून देतेय ती माझ्या शेजारच्या सतरंजीवरची. लोकांच्या खोट्या सह्या केल्या म्हणून आत आली. अक्षर असं की बघत राहावं. मी म्हटलं, बाई, माझीही एक सही कर, आयुष्यात एकदा तरी होऊ दे. म्हणाली, आजी, त्याच्याच तर तारखा चालू आहेत माझ्या.

घाबरू नकोस. म्हणजे थोडी घाबर, अगदीच काही नाही असं नको.

तुझी आजी


१९ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलं, त्यावर तुरुंगाचा शिक्का होता. मी काचा घासायच्या चाकावर होते. मालकाने ते स्वतः आणून दिलं आणि मी वाचून होईपर्यंत समोर उभा राहिला. त्या दिवशी चष्म्याच्या चार काचा माझ्या हातून चिरल्या.

तुला असं विनोद करत कसं लिहावंसं वाटतं ते मला कळत नाही. हा खेळ नाही. शिक्षा होऊ शकते, वर्षांची.

इथे एकीचा भाऊ कोर्टात कारकून आहे. त्याला विचारून लिहितेय, नीट ऐकून घे. वकिलाशिवाय यापुढे एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. तुला वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायला हवा, तो तुझा हक्क आहे, त्यात भीक नाही. वाचून दाखवल्याशिवाय आणि समजल्याशिवाय कशावरही अंगठा द्यायचा नाही. डोकं दुखत असलं तरी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गादी कुणाची ते सांगून टाक. ज्याची गादी त्याचं पिस्तूल. तू कशाला कुणासाठी आत बसायचं? तुला आठवतं कुणाची ते. तुला दहा वर्षांपूर्वीच्या उशा आठवतात.

मी यायला हवं हे मला कळतं. पण हंगाम आहे, रजा मिळत नाही. मिळाली की लगेच येते.

सरकी


२७ फेब्रुवारी

सरके,

वकीलबाई आल्या. सरकारने दिलेल्या. फुकटची वस्तू म्हणून मी आधी नीट उलटूनपालटून पाहिली. तुझ्याच वयाच्या आहेत. बुटाचा एक बंद सुटलेला, केस बांधायला वेळ न मिळालेला, पण माणूस बोलत असताना घड्याळ बघत नाहीत. मला पसंत आहेत.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. न वाचता घेतलेल्या अंगठ्याला त्या कोर्टात आव्हान देणार. झडतीच्या कागदावर ज्या दोघा साक्षीदारांच्या सह्या आहेत, ते त्या वेळी दुकानात नव्हतेच, रस्त्यापलीकडे उभे होते, तेही मांडणार. आणि तिसरी गोष्ट सांगितली तेव्हा मी दोनदा विचारून घेतली. म्हणाल्या, आजी, तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे.

अगं, सत्तर वर्षं घरादाराने मला गप्प बस म्हणून सांगितलं. हा माझा हक्क आहे असं मात्र कुणी बोललं नाही! तुझे आजोबा हे ऐकायला हवे होते.

वकीलबाईंनी असंही बजावलंय की केसबद्दल पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, कारण येणारं जाणारं प्रत्येक पत्र इथलं ऑफिस वाचतं. तेव्हा साहेब, तुम्हीही वाचत असाल तर नमस्कार. तुमच्या खुर्चीवरची उशी चपटी झालीय, परवा पाहिली. बाहेर आले की भरून देईन.

तर केसबद्दल नाही लिहीत. दुसरं काय लिहू? आम्ही चाळीसजणी एका लांब खोलीत आहोत. जमिनीवर सतरंजी, वर पातळ कांबळं. जन्मभर लोकांना मऊ झोपवलं, आता फरशी मोजतेय. पाठ म्हणते, काय गं, कुणाच्या गाद्या भरत होतीस? हाताला काम नाही. सुई दाभण आत आणू देत नाहीत. मग मी कांबळ्याचे गोळे निघतात ते वेचते आणि बोटांनी पिंजत बसते. मूठभर झाले की लिहिणारीच्या सतरंजीखाली सारते. ती म्हणते, आजी, उंदराने घर केल्यासारखं वाटतं.

मंगळवारी मुलाखती असतात. बाहेरचा शिपाई नावं पुकारतो. मला कमी ऐकू येतं म्हणून मी सकाळपासून दाराजवळ बसते. कुणी पुकारलं आणि मी ऐकलंच नाही, असं व्हायला नको.

तुझा हंगाम कधी संपतो?

आजी


१५ मार्च

आजी,

हे पत्र मी वकीलबाईंच्या नावाने पाठवलंय. त्या भेटीला येतील तेव्हा तुला वाचून दाखवतील. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं ऑफिस ऐकू शकत नाही, म्हणून मोकळं लिहितेय.

त्यांनी मला जप्तीच्या यादीची नक्कल पाठवली होती. पिस्तूल एक, गोळ्या चार, गादी एक, खोळ राखाडी, फाटलेली. आणि शेवटी एक ओळ: 'गादीच्या कोपऱ्यास शोभेचा निळा दोरा, गाठी पाच.'

शोभेचा! मी हसले, आणि मग रडले. कुणाची गादी ते कळावं म्हणून तू बांधतेस ते खुणेचे दोरे मी तुझ्या मांडीवर बसून शिकले, अक्षरांच्या आधी. निळा म्हणजे नदीकडची गल्ली. पाच गाठी म्हणजे पाचवं दार. पोलिसांच्या यादीतच नाव लिहिलेलं होतं, फक्त ते तुझ्या लिपीत होतं.

आजी, मी तिकडे येऊन गेले. गेल्या रविवारी. नदीकडच्या गल्लीत पाचवं दार मोजलं. घड्याळवाल्याचं घर. त्याच्या बायकोने दार उघडलं, वीतभरच. मी म्हटलं, तुमची गादी माझ्या आजीकडे होती, राखाडी खोळीची. ती म्हणाली, आमची गादी कुठेच दिली नव्हती. आतून पुरुषाचा आवाज आला, कोण आहे? ती म्हणाली, पत्ता चुकलाय कुणाचा तरी. आणि दार लावलं. खोटं बोलली ती, आजी. मला तिचा राग आला. तू हो म्हण, मी वकीलबाईंना लेखी देते. दोऱ्यांचा अर्थ कोर्टात मी सांगेन.

तू विचारशील, आलीस तर मला का नाही भेटलीस. रविवारी मुलाखत नसते, हे खरं आहे. पण मंगळवारपर्यंत थांबता आलं असतं, हेही खरं आहे.

मी तुरुंगाच्या फाटकापर्यंत आले होते. समोरच्या बाकावर बसले आणि परत गेले. इथे नोकरीला लागले तेव्हा अर्जावर 'जवळचे नातेवाईक' असा रकाना होता. मी 'कोणी नाही' लिहिलं. गादीवालीची नात म्हटलं की लोक हसतात असं मला वाटायचं. मग तुझं पत्र आलं आणि मालकाने विचारलं, तुम्हाला तर कोणी नव्हतं ना? मी म्हटलं, लांबची आहे कुणी. ज्या माणसाने तुला लांबची म्हटलं, त्याने जाळीपलीकडून तुझ्याकडे कसं बघायचं?

सरकी


२० मार्च

सरके,

आज लिहून घेणाऱ्या वकीलबाई आहेत. अक्षर वाईट आहे, पण मजकूर कुणी वाचणार नाही.

आधी रकान्याचं. मी तुझ्या आजोबांच्या आईला पहिली दहा वर्षं मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते तुला सांगितलं तर तुझा 'कोणी नाही' फारच सभ्य वाटेल. त्याच्यावर आता शाई वाया घालवायची नाही. बाकावर बसलीस तेव्हा ऊन होतं का? तिथे सावली नाही म्हणतात.

आता गादीचं. वकीलबाई म्हणतायत, आजी, विचार करून बोला, मला सगळं सांगायलाच हवं असं नाही. मी म्हटलं, लिहा.

मला ठाऊक होतं.

तुझ्या आजोबांच्या आईने मला धंदा शिकवला तेव्हा पहिला धडा दिला: गादीत निघालं ते गादीतच शिवायचं आणि तोंडही त्याच टाक्याने शिवायचं. गादी उसवली की काय काय निघतं. बाळाचा दात, कापलेली वेणी, चुरगळलेलं पत्र. एकदा तर एका कडक मास्तरांच्या गादीतून चॉकलेटचे कागद निघाले, शंभर तरी असतील. मी कापूस पिंजून सगळं होतं तिथे परत ठेवत आले. लोक त्यांची झोप आपल्या हाती देतात. गादीवाली बोलायला लागली तर गावात कुणी झोपणार नाही.

घड्याळवाल्याची बायको गादी घेऊन आली, तीही डोक्यावरून, एकटी. म्हणाली, जाड भरा आणि घाई करू नका. जितके दिवस ठेवता येईल तितके ठेवा. गादी घाईत नको असलेलं गिऱ्हाईक मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर उसवली. पिस्तूल बघितलं. तिच्या मनगटावरचं निळं काळं मी आधीच बघितलं होतं. दोन्हींची गाठ घालायला शाळा लागत नाही. नवऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून तिने ते घराबाहेर काढलं होतं. मी भोवती दुप्पट कापूस भरला, आतून माझे टाके घातले आणि तीन महिने गादी कोपऱ्यात ठेवली.

चुकलं असेल माझं. पिस्तूल म्हणजे बाळाचा दात नव्हे, मला कळतं. वकीलबाई म्हणतात, हत्यार जवळ असणं पुरत नाही, ते आहे हे ठाऊक असावं लागतं, आणि ठाऊक होतं हे सरकारने सिद्ध करायचं. इतके दिवस त्या म्हणत होत्या, कोर्टात सांगा, मला ठाऊक नव्हतं. आता लेखणी थांबवून म्हणतायत, आजी, आता मी तुम्हाला तसं सांगायला लावू शकत नाही. जाणूनबुजून खोटं मी तुमच्या तोंडी घालणार नाही. पण तुम्ही बोललंच पाहिजे असं कुणी म्हणू शकत नाही. मला ठाऊक होतं हे सांगणारे शिवणीतले माझे टाके पोलिसांनी सुरीने फाडून टाकले, आणि त्यांना टाका वाचता येत नाही.

तेव्हा मी खोटं बोलणार नाही आणि नाव घेणार नाही. तूही घ्यायचं नाहीस. आतून आवाज आला म्हणतेस, तो तिचा नवरा. तू दारात गादीचं बोललीस आणि आल्या पावली परत गेलीस. तिला मात्र आतच राहायचं होतं. पुन्हा त्या दाराशी जाऊ नकोस. ती खोटं बोलली असं तू म्हणतेस. मला वाटतं, ती श्वास घ्यायला जागा करत होती.

शिक्षा झाली तर होईल. मला भीती शिक्षेची नाही. इथे संध्याकाळी मोजणी होते, चाळीस झाल्या की शिपाईण दार लावते. रोज वाटतं, मोजली जातेय खरी, पण कुणाला हवीय म्हणून नाही. बस, एवढंच. वकीलबाई, हे शेवटचं खोडा.

(खोडलेलं नाही. — वकील)

आजी


२ एप्रिल

आजी,

हेही वकीलबाईंच्या नावानेच पाठवतेय. मी कुणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मला अजूनही पटलेलं नाही, पण तुझी केस आहे, तुझं तोंड आहे.

जामिनाच्या अर्जाची सुनावणी सतराला आहे असं वकीलबाईंनी कळवलं. मी येतेय. रजा मंजूर झालीय, तिकीट काढलंय. कोर्टात मागच्या बाकावर असेन. तुला लांबचं दिसत नाही म्हणून निळा सदरा घालते. निळं काही दिसलं की समज, मीच.

सरकी


१९ एप्रिल

सरके,

हे पत्र वकीलबाईंच्या हातून येतंय, म्हणून मोकळं बोलते. तुझी चिठ्ठी काल आली. मशीनवरची बाई आजारी पडली, रजा रद्द झाली, तिकीट वाया गेलं. सतराला मला हे ठाऊक नव्हतं.

म्हणून सतराला काय झालं ते ऐक. गाडीतून उतरवून मला कोर्टात नेलं. खोली छोटी, पंखा मोठा. मी आत गेल्याबरोबर मागच्या बाकाकडे बघितलं. धुकं सगळं, पण धुक्यात निळं. एकटीच बसलेली बाई. अगं, मी काय सांगू. केस सारखे केले. पाठ ताठ केली, म्हटलं पोरीला म्हातारी वाकलेली दिसायला नको. वकीलबाई माझ्यासाठी बोलत होत्या, अंगठा, साक्षीदार, वय, सगळं छान बोलत असणार. मी एक शब्द ऐकला नाही. मी आपली निळ्याकडे बघून हसत होते. एकदा हात पण हलवला. निळ्याने हात हलवला नाही. मला वाटलं, लाजतेय.

मग ती उठली. म्हणाली, साहेब, गादी माझी आहे.

आवाज तुझा नव्हता.

घड्याळवाल्याची बायको. नवऱ्याच्या कानावर गेलं की पोलीस गादीच्या मालकाला शोधतायत, तसा तो पळाला. तीन आठवडे झाले, पत्ता नाही. ती सांगायला लागली, मीच ठेवलं त्यात, या आजींना मी... आणि मला राहवलं नाही. पिंजऱ्यातून ओरडले, गप्प बस गं पोरी! गप्प बसायचा हक्क आहे तुला! आधी वकील माग! सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, आजी, बसा. मग तिला म्हणाले, त्या सांगतायत ते बरोबर आहे, आधी वकील घ्या, मग बोला. तिला दुसरे वकील दिले. त्यांच्याशी बोलून आली आणि तरी म्हणाली, मला बोलायचंय. एकदा तरी पूर्ण बोलायचंय. बोलली. माझ्यापुरतं एवढंच म्हणाली, या आजींना मी काही सांगितलं नव्हतं. आणि ते खरंच आहे. तिने सांगितलं नव्हतं.

मला जामीन मिळाला. केस संपलेली नाही, दर सोमवारी ठाण्यात अंगठा द्यायचा. वाचून दाखवल्यावर. उद्या सकाळी कागद येतील आणि मला फाटकातून बाहेर सोडतील. न्यायला कुणी आहे का, असं ऑफिसने विचारलं. मी म्हटलं, रस्ता ठाऊक आहे मला. तू रागावलीस तरी चालेल, पण येते येते असं पुन्हा लिहू नकोस. येशील तेव्हा ये. तोवर मला मागच्या बाकाकडे बघावं लागणार नाही, हे बरं.

घड्याळवाल्याच्या बायकोला काल संध्याकाळी आत आणलं. मोजणीत एकेचाळीस. माझ्यापासून तीन सतरंज्या पलीकडे बसलीय, भिंतीकडे तोंड करून. आज सकाळी मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, झोप लागेल गं, पहिले चार दिवस लागत नाही. ती म्हणाली, आजी, मला दोन वर्षांत पहिल्यांदा काल झोप लागली, फरशीवर. मग मी पिंजलेली मूठ तिच्या सतरंजीखाली सारली.

तिच्या वकिलांचं म्हणणं आहे, स्वतःहून पुढे आली आणि जीव वाचवायला लपवलं, हे मांडता येईल. पण वेळ लागेल. तिला पुकारणारं बाहेर कुणी नाही. मी मंगळवारी येत जाईन. दुकान इथून अर्ध्या तासावर आहे, पाय चालतायत तोवर.

मला काही पाठवू नकोस. तिच्या नावाने पाठव. शिजवलेलं आत घेत नाहीत, काचेची बाटली घेत नाहीत, सीलबंद पाकीट घेतात. तिचे डावीकडचे दोन दात हलतायत, म्हणून शेंगदाणे नकोत, फुटाणे नकोत. मऊ बिस्किटं पाठव, दुधात न बुडवता तोंडात विरतात ती. दुधाची पावडर एक मोठं पाकीट. आणि खजूर, बी काढलेला, नीट बघून घे, एकही बी राहायला नको.